रॉयल जेली काढताना प्रथिने कशी वाचवावीत

रॉयल जेली म्हणजे दाई माश्या (अळ्यांना भरवणाऱ्या तरुण माश्या) राणीच्या अळीला देतात ते दुधाळ खाद्य. ती उन्हात राहिली की तिचा दर्जा घसरतो, आणि गोव्यात मार्चपासून सावलीतही उकाडाच. तिचा बराचसा भाग पाणी. ९ ते १८ टक्के प्रथिने, त्यांत बहुतांश 'एमआरजेपी' (मेजर रॉयल जेली प्रोटीन) कुळातली. २०११ मधल्या जपानी संशोधनात ४० अंशांवर ३० दिवस ठेवलेल्या जेलीवर अळीची राणी झाली नाही. त्यामागे एमआरजेपी-१ चे विघटन असल्याचे म्हटले गेले. एका प्रथिनाला एवढे श्रेय द्यावे का, यावर पुढे वाद झाला. उष्णता टाळायची, हे मात्र निर्विवाद.

गोव्यातल्या सत्तरी, सांगे तालुक्यांकडे पेटीत बहुधा सातेरी ही देशी मधमाशी असते. ती जेली कमी देते आणि जास्त छेडली तर पेटी सोडून जाते, तेव्हा सुरुवातीला अळी सोडायच्या दहा-पंधरा मेणाच्या वाट्या पुरे. काजू फुललेला असताना माश्यांनी भरलेली पेटी निवडा. पावसाळ्यात नाद सोडा. पराग नसला तर दाई माश्या प्रथिने बनवणार कशातून?

राणी आदल्या दिवशी वेगळ्या पेटीत ठेवा. २४ तासांच्या आतली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी बारीक ब्रशने मेणाच्या वाटीत सोडा. साखर-पाणी समप्रमाणात द्या. ६८ ते ७२ तासांनी वाट्या काढा; उशीर झाला तर अळीच जेली फस्त करते. वाटीचा काठ कापा, अळी चिमट्याने अलगद उचला (फुटली तर ती वाटी फेका), जेली लाकडी किंवा प्लास्टिकच्या चमच्याने खरवडा, नायलॉन जाळीतून गाळून गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. लगेच उणे १८ अंशांवर. वीज गेली की फ्रीजर उघडू नका. वितळलेली जेली पुन्हा गोठवू नका.

ताजी जेली घट्ट, आंबट, दुधाळ असते. आम्लता (पीएच) चारच्या आसपास असताना एमआरजेपी-१ चे धागे विणले जातात, म्हणून पोळ्यात उलट्या लटकलेल्या राणीघरातून अळी पडत नाही. पाणी मिसळले की जेली पातळ होते, आणि सोडा मिसळला की ही वीण सुटते.

जखमेचे म्हणाल तर प्रयोगशाळेत डिफेन्सिन-१ या जेलीतल्या जंतुरोधक प्रथिनामुळे त्वचेच्या पेशी सरकून फट लवकर भरते, एमएमपी-९ हे जखम भरण्यात भाग घेणारे विकरही (एन्झाइम) वाढते. पण मधुमेही पायाच्या जखमांवरील एका चाचणीत ५ टक्के जेलीने साध्या जेलपेक्षा ठळक फरक पडला नाही. घरची जेली निर्जंतुक नसते, उघड्या जखमेवर फासू नका. दमा किंवा मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असेल तर चाखूही नका. एमआरजेपी-१ आणि २ हीच ॲलर्जीची ओळखीची कारणे आहेत, आणि श्वास कोंडू शकतो.