अडीच किलो ताहू

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका भंगाराच्या दुकानात प्लास्टिकच्या ढिगावर खताची एक गोणी पडली होती. उसवलेल्या तोंडातून एक लाल मुखवटा माझ्याकडं बघत होता. हात घातला तर आत पाय, दांड्या, गिअर, अर्धी धडं. "घ्यायचं तर घ्या, न्हाईतर दुपारच्याला दळायला चाललंय," मालक म्हणाला. काट्यावर अडीच किलो भरलं. भंगाराच्या भावानं पैसे दिले, गोणी गाडीच्या टाकीवर ठेवली आणि घरी आणली. आईला वाटलं, कांदे आणले.

लाल मुखवटा ताहूचा. ज्यांना ताहू कोण ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेगोनं २००१ मध्ये 'बायोनिकल' नावाची मालिका काढली. त्यात विटा नव्हत्या, माणसासारखे योद्धे होते आणि ते आपणच जोडायचे. त्यातले सहा मुख्य योद्धे म्हणजे तोआ: लाल ताहू, निळी गाली, पांढरा कोपाका, काळा ओनुआ, तपकिरी पोहातू, हिरवा लेवा. डब्यातून सुटे तुकडे निघायचे आणि गोळा-वाटीच्या सांध्यांवर योद्धा उभा राहायचा. मालिका २०१० ला थांबली. २०१५ मध्ये पुन्हा आली आणि २०१६ मध्ये परत गेली. माझा पहिला कोपाका २००२ साली मस्कतच्या मामानं आणला, तेव्हा मी तिसरीत होतो. आज मी सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर काम करतो, खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असतो आणि कपाटात दीडशेच्या वर योद्धे.

अशी गोणी किंवा माळ्यावरचा स्वतःचाच जुना डबा हाती लागला, तर पहिली गोष्ट म्हणजे लगेच धुवायला पळू नका. मी पहिल्या वेळी पळालो होतो. मोरीच्या जाळीतून किती पिना गेल्या देव जाणे.

जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा आणि सगळं ओता. आता हात शिवशिवतील ते रंगाप्रमाणे ढीग लावायला. लावू नका. काळ्या तुकड्यांच्या ढिगात काळी पिन शोधून बघा, मग कळेल. आधी आकाराप्रमाणे लावायचं: गोळे आणि वाट्या असलेले हातपाय एकीकडं, दांड्या, पिना, गिअर दुसरीकडं, मुखवटे, हत्यारं, चिलखतं तिसरीकडं, आणि रबर, पारदर्शक तुकडे, स्टिकर लावलेलं काही असेल ते वेगळ्या ताटात. दांड्या मोजायला सोप्या आहेत. लेगोचं एक माप ८ मिलीमीटर, म्हणजे चार मापांची दांडी जवळपास ३२ मिलीमीटर. व्हर्नियर नको, शाळेतली पट्टी पुरे. बारीक मालासाठी हार्डवेअरच्या दुकानातले कप्प्यांचे डबे मिळतात, पण माझा सगळ्यात चांगला डबा आईचा जुना मिसळणाचा डबा. सात वाट्या: सहा तोआंचे मुखवटे सहा वाट्यांत, मधल्या वाटीत पिना. हळदीचा पिवळा डाग पोहातूच्या वाटीला अजून आहे.

पारदर्शक तुकड्यांवर खास लक्ष ठेवा. तोआच्या डोक्यात मागून एक पारदर्शक दांडा बसतो, त्यातून उजेड पुढं येतो आणि डोळे चमकतात. पोरं खेळताना पहिला हाच हरवतात. जुना माल विकत घेत असाल तर डोकं उजेडाकडं धरून बघा. डोळे मेलेले दिसले तर भाव खाली आणा.

आता सोडवण्याचं काम. इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गोळा १०.२ मिलीमीटरचा असतो आणि वाटीचं तोंड त्याहून अरुंद, म्हणून तर तो आत धरून राहतो. आपण काय करतो, तर हात धरून सरळ ओढतो. वीस वर्षं जुन्या प्लास्टिकला ते झेपत नाही. वाटीच्या कडेला केसासारखी रेघ पडते, ती आज दिसत नाही, महिन्यानं वाटी उघडते. त्यापेक्षा असं करा. तुकडा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. हाताला सोसेल इतपतच, चहाचं आधण नको. मग वाटीची कोणती बाजू उघडी आहे ते बघा. गोळा ओढायचा नाही, त्या उघड्या बाजूकडं लोळवत काढायचा, सुपारीच्या डबीचं झाकण अंगठ्यानं उचलतो तसं. 'टक्' असा आवाज आला तर ठीक, 'कट्' आला तर संपलं.

पोपटी रंगाच्या वाट्या असतील, तर देवाचं नाव घ्या आणि शक्य असेल तर सोडवूच नका. २००६-०७ च्या काँगू नावाच्या योद्ध्याचे पोपटी सांधे तर बसल्या जागी तडकतात. जगभरचे जमवणारे या रंगाला घाबरतात आणि मीही घाबरतो. गोणीत मला अशा नऊ वाट्या मिळाल्या, त्यातल्या सात आधीच फुटक्या होत्या. उरलेल्या दोन मी गोळ्यासकट ठेवल्यात. हात हलवत नाही, नुसता बघतो.

भोकात दांडी अडकली असेल तर पकडीनं ओढू नका, दाताचे वळ उठतात. मागून दुसरी दांडी घालून ढकला. आमच्या शॉपवर पिन काढायची तीच रीत आहे: पंच लावा, ओढू नका.

धुणं. पाणी ४० अंशांच्या आत, भांड्याचा साबण अगदी थोडा, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. वॉशिंग मशीन नाही. चंदेरी-सोनेरी मुलामा असलेल्या मुखवट्यांवर ब्रशही नाही, नुसती बोटं. रबरं पाण्यात टाकूच नका. याच मालिकेतल्या बोहरॉकसारख्या गड्यांच्या आतली रबरं वीस वर्षांत चिकट झालेली असतात, ती चिमट्यानं उचलून फेका आणि तेवढ्याच मापाची नवी घाला. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली, भोकं खाली करून. भोकात पाणी राहतं, दोन दिवसांनी बुरशीचा वास येतो, आणि कोल्हापूरच्या जुलैत तर दोन दिवसही लागत नाहीत.

पुराचा गाळ बसलेला असेल तर मात्र ही रीत चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहत होतो. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती. आम्ही कपडे, कागद आणि आजीला घेऊन राजारामपुरीत आत्याकडं गेलो. खेळणी राहिली. आठ दिवसांनी दार उघडलं तर पलंगाखालचे तोआचे डबे तरंगून छताच्या बाजूच्या फळीला अडकलेले. झाकणं लागलेली, पण आत गाळ. गल्लीत सगळीकडं अर्धे रंगवलेले गणपती पडलेले, आणि मी डबे मोजतोय. बाबा बोलले नाहीत, पण त्यांनी बघितलं ते मला कळलं.

त्या दिवशी मी एक चूक केली. पहिलाच ओनुआ उचलला आणि हात चालतो का म्हणून फिरवला. 'कर्र' झालं. पंचगंगेचा गाळ इतका बारीक असतो की वाळल्यावर तो सांध्यात अगदी लॅपिंग पेस्टसारखा काम करतो. पेस्ट वापरून आम्ही पोलाद घासतो, इथं तर प्लास्टिक. एका फेरीत गोळ्यावर चरे उठले आणि तो हात आजपर्यंत ढिला आहे. म्हणून गाळ असेल तर कुठलाही सांधा हलवायच्या आधी सगळा योद्धा आहे तसाच बादलीत बुडवा. एक दिवस ठेवा, पाणी बदला, अजून एक दिवस. गाळ आपोआप मऊ होऊन खाली बसतो. मगच सोडवा. भोकातला उरलेला गाळ काढायला शेजारच्या मूर्तिकार काकांनी गणपतीचे डोळे आखायचा जुना, झिजलेला कुंचला दिला. त्याहून बरं हत्यार मला अजून मिळालेलं नाही. सध्या डबे माळ्यावर असतात. बातम्यांत ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी, ऐकली की मी खालच्या फळीवरचे योद्धेही वर चढवतो. आई म्हणते, आधी गॅसची टाकी चढव.

पिवळेपणाबद्दल. पांढरा कोपाका उन्हा-हवेनं लोण्यासारखा पिवळट होतो. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड काचेच्या बरणीत घ्या, हातात मोजे घाला, तुकडे बुडवून एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवा. दर तासाला हलवा, नाहीतर तुकड्यांवर पट्टे पडतात. पांढरं होतं, पण काही वर्षांनी पिवळं परत येऊ शकतं. माझं मत विचाराल तर दर्शनी चिलखतापुरतंच करा. सांध्यांना हा उपचार मी देत नाही, आधीच बिचारे म्हातारे.

ढिला सांधा. इंटरनेटवर लोक नेलपॉलिश सांगतात. नेलपॉलिशमध्ये अॅसिटोनसारखे पदार्थ असतात आणि ते प्लास्टिक खातात, म्हणून मी लावत नाही. माझा उपाय फुकटचा आहे: गोकुळच्या दुधाच्या पिशवीचा तुकडा. धुऊन, वाळवून, नखाएवढा चौकोन कापायचा, वाटीवर ठेवायचा आणि वरून गोळा दाबायचा. बाहेर आलेल्या कडा ब्लेडनं कापायच्या. ओनुआचा तो चऱ्यांचा हात अशा पिशवीवर निदान आपला पंजा पेलण्याइतका उभा राहतो. ती पिशवी दर वर्षी बदलावी लागते, पण दूध तर रोजच येतं. फुटलेल्या वाटीत मात्र फेव्हीक्विक घालू नका. आत ओघळतं आणि गोळा कायमचा अडकतो. बाहेरून पांढरा दोरा घट्ट गुंडाळून, त्या दोऱ्यावर एक थेंब, एवढंच.

सगळं स्वच्छ झालं की हजेरी घ्या. जोडणीची जुनी पत्रकं लेगोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. डब्यावरचा आकडा टाका. ताहूचा ८५३४, कोपाकाचा ८५३६. पत्रक मोबाइलवर उघडून एक-एक तुकडा मोजा आणि नसलेल्याची यादी करा. तुकड्यांवर आतल्या बाजूला बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगानं वाचून लिहून ठेवा. सुटे तुकडे शोधताना तेच उपयोगी पडतात. ब्रिकलिंक नावाचा बाजार २००० पासून आहे, २०१९ मध्ये तो लेगोनंच विकत घेतला, तिथं एकेक पिनसुद्धा मिळते. पण परदेशातून मागवताना खेळण्यांवरचं आयात शुल्क लक्षात घ्या: २०२० मध्ये ते २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. दहा रुपयांची पिन मागवायची नाही, चार मित्रांची यादी एकत्र करायची. एकदा माझं एक पाकीट साडेतीन महिने वाटेत होतं. आलं तेव्हा आतला मुखवटा लाल नव्हता, नारिंगी होता.

शोधताना नावांचाही घोळ लक्षात ठेवा. मालिकेत माओरी भाषेतले शब्द वापरले होते, त्यावर २००१ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी आक्षेप घेतला आणि लेगोनं काही नावं बदलली. 'तोहुंगा'चे 'मातोरान' झाले, 'हुकी'चा 'ह्यूकी', 'जाला'चा 'जॅलर'. जुन्या डब्यांवर जुनं नाव, नंतरच्यांवर नवं. दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर स्वस्तातला माल नजरेसमोरून जाईल. आणि जत्रेत मिळणारे नकली योद्धे? त्यांचा गोळा वाटीत एक तर बसत नाही, नाहीतर निघत नाही. खऱ्या तुकड्यावर कुठंतरी लेगो कोरलेलं असतं. पण नकली हातपाय मी फेकत नाही. त्यांचा उपयोग खाली सांगतो.

सगळी हजेरी झाल्यावर गोणीत चार पूर्ण योद्धे झाले आणि बराच माल उरला. त्यातून मी पैलवान केला. ओनुआचं काळं, रुंद धड, नकली योद्ध्याचे जाड दंड, पोहातूच्या तपकिरी मांड्या म्हणजे लंगोट. पहिल्यांदा उभा केला तर तोंडावर आपटला. दुसऱ्यांदा मागं. वरचं धड जड, खालचे गोळे त्याला धरत नव्हते. मग तालमीतला एक दोस्त घरी आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "आरं, ह्यो सरळ उभा हाय. मैदानात असा कोण उभा राहतंय? गुडघं वाकव." त्यानं स्वतः उभं राहून दाखवलं: एक पाय पुढं, गुडघे मोडलेले, कंबर खाली, हात सलामीला. मी तेच केलं, आणि गुडघ्यांतले गोळे काढून पिना घातल्या. काळी पिन रेघांमुळं घट्ट बसते, करडी मोकळी फिरते, म्हणून गुडघ्याला काळी. पायाच्या पंज्यांत पुढं दोन-दोन जादा दांड्या घातल्या. वजन पंज्यावर आलं आणि पैलवान राहिला. दोस्तानं दोन बोटं लावून ढकलून बघितलं. "आता कुस्ती धरल," म्हणाला, आणि पुढं लगेच, "ह्याला माती कुठाय?"

माती नाही, पण खासबागेच्या कुस्ती मैदानातली चिमूटभर मागून आणीन म्हणतो. पुराच्या गाळाचा अनुभव असल्यामुळं ती बाटलीत बंद करून शेजारी ठेवायची, सांध्याजवळ नाही.

गोणीतला कोपाका मात्र अजून अपुराच आहे. त्याच्या मुखवट्याला एका डोळ्यावर दुर्बीण असते, ती नाही आणि मुखवटाही नाही. मी त्याला सध्या ताहूचा जादा लाल मुखवटा घालून ठेवलाय. आमच्या भाचीनं त्याला बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्याला सर्दी झालीय का?"