मातीची जनावरं अभ्यासायला घेताना

पुण्यात पुरातत्त्वात एमए करून इजिप्तकडे वळले, ती ममींसाठी नव्हे. मला ओढ होती तळहातावर मावणाऱ्या भाजक्या मातीच्या कुत्र्यांची, घोड्यांची, नागांची. सामान्य माणसं घरात कशाला हात जोडत, याचा माग त्यांच्यातून लागतो.

या विषयात येणाऱ्यांनी आधी मूर्ती उलटी करून पाहायची सवय लावावी. ग्रीक-रोमन काळातली जनावरं नाईलच्या गाळाची. पुढचा-मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून मग जोडत. पाठीला भोक ठेवत, भाजताना वाफ जायला. वरून पांढरा थर आणि रंग. खाचांमध्ये गुलाबी रंग अजून दिसतो, तेव्हा फार आनंद होतो.

मग विचारायचं, ही सापडली कुठे? इजिप्तच्या फायूम भागातलं करानिस हे ग्रीक-रोमन काळातलं गाव मिशिगन विद्यापीठानं १९२४ ते १९३५ मध्ये घरवार नोंदी ठेवत खणलं, म्हणून तिथली मूर्ती कशाशेजारी पडली होती ते तपासता येतं. बाजारातून संग्रहालयात आलेल्या मूर्तीबाबत ती सोय नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत ठेवलेली शिरविहीन स्त्रीमूर्ती आणि बैल ज्यांनी अभ्यासलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नागांवर मात्र वेळ घालवाच. अमार्ना या फेरो अखेनातेनच्या राजधानीच्या वस्तीत फणा काढलेले मातीचे नाग मिळालेत. रामेसिड, म्हणजे रामसेस नावाच्या फेरोंच्या काळातल्या एका खापरावर मंत्र आहे: तोंडात ज्वाळा असलेले शुद्ध मातीचे चार नाग करावेत, निजायच्या खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात एक ठेवावा. रात्रीच्या भयांपासून राखण करायला. मजकूर अमार्नानंतरचा आहे, म्हणून तिथल्या प्रत्येक नागाला तो सरसकट चिकटवू नये. तरी अंधाराला घाबरणाऱ्या माणसाच्या इतकं जवळ नेणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

झुपकेदार, वळलेल्या शेपटीच्या कुत्र्यांबाबतही असंच सावध राहावं. व्याधाचा तारा, त्या ताऱ्याशी जोडलेली देवी इसिस-सोथिस आणि नाईलचा पूर यांच्याशी कुत्र्याचं नातं पक्कं आहे; पण प्रत्येक कुत्रा देवीचाच, असं नाही. काहून या इजिप्तमधल्या प्राचीन वस्तीतली मातीची जनावरं ती खणणाऱ्या फ्लिंडर्स पेट्रींना खेळणी वाटली होती. खेळणं की नवसाची वस्तू, हे घरातली जागा पाहिल्याशिवाय ठरवू नका.

जर्मन आणि फ्रेंच पहिल्या वर्षीच सुरू करा, कारण महत्त्वाच्या कितीतरी सूची त्याच भाषांत आहेत. तोवर लंडनच्या पेट्री संग्रहालयाची ऑनलाइन सूची आणि ब्रिटिश म्युझियमचं नॉक्रातिस या इजिप्तमधल्या ग्रीक व्यापारी बंदराचं ऑनलाइन संकलन रोज थोडं चाळा. पाठीचा फोटो नसेल तर वस्तूचा क्रमांक देऊन संग्रहालयाला सरळ पत्र लिहा.