पोरीचं वजन घरी कसं बघायचं
निपाणी, खानापूर, बेळगाव कुठंही जावा, पोरगी आठवी-नववीत गेली की येणारा-जाणारा तिच्या वजनावर बोलतोच, म्हणून आधी नीट मोजून घ्या. सकाळी, चपला-स्वेटर काढून, काटा सपाट फरशीवर. उंचीला अंबाडा सोडायला लावा, टाचा भिंतीला टेकवून डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि खूण करा. मग किलोला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा, ४५ किलो आणि १.५० मीटर म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २०.

पण हा आकडा मोठ्यांच्या मापात बसवू नका प्लीज, १९ वर्षांपर्यंत वयानुसार वेगळा चार्ट असतो, डब्ल्यूएचओचा २००७ चा आहे, डॉक्टरांना तोच काढून दाखवायला सांगा. वयात येताना वजन वाढणारच, कंबर भरणारच, त्यात काय बिघडलं? भाकरी, झुणका, शेंगाचटणी बंद करू नका, कोल्ड्रिंक कमी करा.

बारीक असो की जाड, सारखी दमत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. शाळेतली निळी लोहाची गोळी आठवड्याला एक, जेवल्यावर, चहासोबत नको. पाळी तीन महिने आली नाही किंवा ती ताट लपवून जेवण टाळत असेल तर लगेच डॉक्टर गाठा.