रेघांचा इटालियन मार्बल भिंतीवर चढवताना

टीव्हीमागची भिंत असो की लिफ्टसमोरची लॉबी, समांतर रेघांचा इटालियन मार्बल लावायचा असेल तर रंग नंतर निवडा, आधी रेघेची दिशा ठरवा. पुण्यात इंटिरियरची कामं करताना मी हा आग्रह कधी सोडत नाही. दिशा ठरली की स्लॅबचं, म्हणजे दगडाच्या मोठ्या लादीचं, माप, सांधे आणि खर्च आपोआप ठरत जातो.

थरांनी बनलेल्या दगडाचा ठोकळा थरांना छेद देऊन कापला तर सरळ रेघा मिळतात, त्याला व्हेन कट म्हणतात. थरांना समांतर कापला तर त्याच दगडावर ढगांसारखे डाग दिसतात, तो क्रॉस कट. रोमजवळच्या तिवोलीचा ट्रॅव्हर्टाइन दोन्ही प्रकारे कापला जातो, म्हणून ऑर्डरवर ‘व्हेन कट’ लिहून घ्याच. दक्षिणेकडच्या पुलियातला सर्पेज्जांते बदामी रेघांचा, तर आल्प्समधल्या क्रेवोलादोसोलाचा पालिसांद्रो निळसर-तपकिरी पट्ट्यांचा. पहिले दोन शास्त्राच्या हिशेबात चुनखडीच्या जातीचे; खरा संगमरवर पालिसांद्रो. मला तोच सगळ्यात आवडतो. त्यातल्या अभ्रकामुळे उजेड पडला की भिंत मंद चमकते.

आता दिशा. रेघा बहुधा स्लॅबच्या लांबीत धावतात. नऊ फुटी स्लॅब उभा लावला तर भिंत बहुतेक एका तुकड्यात उंच जाते आणि दोन स्लॅबमधला सांधा रेघांना समांतर राहून त्यांतच लपतो. आपल्या फ्लॅटांच्या उंचीला मी उभ्या रेघाच सुचवते. आडव्या रेघांनी खोली रुंद वाटते, पण तिथे सांधा रेघा तोडतो. त्यावर उपाय म्हणजे लागोपाठचे दोन स्लॅब पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावणं, म्हणजे बुकमॅच. रेघा अगदी सपाट असतील तरच हे करा. जरा तिरक्या असल्या तरी सांध्यावर त्यांचा ‘व्ही’ होतो आणि नजर तिथेच अडकते.

म्हणून दगडविक्रेत्याच्या यार्डात एकाच ठोकळ्याचे, ओळीने नंबर असलेले स्लॅब मागा. प्रत्येकाचा समोरून फोटो काढा आणि भिंतीच्या ड्रॉइंगवर मापात बसवा. स्विचबोर्ड, टीव्हीचा ब्रॅकेट, कोपरा, सगळं त्यावर दाखवा. कापल्यावर प्रत्येक तुकड्यामागे नंबर आणि वरच्या दिशेचा बाण हवा, आणि भिंतीवर चढण्याआधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून बघायला हवेत. मिस्त्री घाईत असला तरी हे टाळू देऊ नका.

ऑर्डरच्या आधी जिन्याचं वळण मोजा. २० मिमी जाडीच्या दगडाचं वजन चौरस फुटाला साधारण ५ किलो, म्हणजे नऊ बाय पाचचा स्लॅब २२५ किलोंचा. तो लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्यानेही जात नसेल तर खालीच कापावा लागेल, मग सांधे कुठे येणार ते ड्रॉइंगमध्येच ठरवा. स्लॅब नेहमी कडेवर उभा न्यायचा. आडवा धरला तर तो रेघेवरच मोडतो.

बऱ्याच स्लॅबच्या मागे रेझिनने फायबरची जाळी चिकटवलेली असते. साध्या सिमेंटच्या चिकटवणीला तिथे भरवशाची पकड मिळत नाही, इपॉक्सी वापरा. फिकट दगडामागे करडं सिमेंट नकोच, डाग पुढे येतो. उंच भिंतीला नुसत्या चिकटवणीवर विसंबू नका, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प हवेत. भिंतीत पावसाळ्याची ओल असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर दगडावर क्षार फुलतात.

फिनिश मी होन्ड, म्हणजे गुळगुळीत पण बिनचकाकीचं, घेते. आरशासारख्या पॉलिशमध्ये रेघांऐवजी समोरची खिडकीच दिसते. छतातला दिवा भिंतीला अगदी खेटून असेल तर पॅनेलमधला मिलिमीटरभर उंचसखलपणाही सावली टाकतो, त्यामुळे दिवा थोडा पुढे घ्या.

किचनच्या ओट्यावर हा दगड लावू नका. लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लाने त्यावर फिके चट्टे पडतात आणि सीलरने ते थांबत नाही. बाहेरच्या दर्शनी भिंतीला तर फारच जपून. हेलसिंकीच्या फिनलँडिया हॉलला (१९७१) वास्तुकार आल्वार आल्टोने इटलीतल्या कर्राराचा पांढरा संगमरवर लावला होता. ते पातळ पॅनेल वाकले, नव्वदच्या दशकाअखेरीस बदलले, आणि नवेही वाकले. संगमरवरातले कॅल्साइटचे कण तापल्यावर एका दिशेने फुगतात आणि दुसऱ्या दिशेने आकसतात. वर्षानुवर्षांच्या तापमानाच्या चढउतारात या कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. बाहेर लावायचाच असेल तर जाडी वाढवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून क्लॅम्पची रचना करून घ्या.