बाग सोपवल्यानंतर शिकायचे काम: उद्यान रचनाकार आणि लँडस्केप कंत्राटदारांसाठी

या व्यवसायात काम संपते तेव्हा बाग जेमतेम सुरू झालेली असते. खोल लावलेले झाड दोन-तीन वर्षांनी खंगू लागते, नीट न दाबलेला भराव पहिल्या जोरदार पावसात खचतो, आणि तोवर रचनाकार पुढच्या साइटवर गेलेला असतो. आपल्या निर्णयाचे काय झाले हे कळलेच नाही, तर वीस वर्षांचा अनुभवही एकाच वर्षाची उजळणी ठरू शकतो. म्हणून कोर्स आणि कार्यशाळांच्या आधी, पूर्ण झालेल्या बागांची पुन्हा पाहणी करायची शिस्त लावून घ्या.

तीन महिने, एक वर्ष आणि तीन वर्षे अशा तीन पाहण्या करारातच लिहा आणि त्यांचा खर्च मूळ शुल्कात धरा. ही पाहणी आहे, देखभाल नाही, हेही तिथेच स्पष्ट करा. नाहीतर ग्राहक तण काढून घेण्याची अपेक्षा धरतो आणि नको तो वाद होतो.

पाहणीचा उपयोग तुलना करता आली तरच. त्यासाठी बाग सोपवतानाच प्रत्यक्ष झालेल्या कामाचा १:१०० प्रमाणातला नकाशा करून ठेवा. त्यात पाइप कुठून आणि किती खोलीवरून गेले, कोणत्या वाफ्यात किती सेंटिमीटर माती भरली, रोप कोणते, कोणत्या नर्सरीतून आणि किती उंचीचे आले, हे हवे. चर बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढा. पाच-सहा जागा ठरवून त्यांच्या खुणा नकाशावर करा आणि दर वेळी तिथूनच फोटो घ्या.

तीन महिन्यांच्या भेटीत पाणी आणि खचण पाहा. पाऊस नसेल तर फरशीवर नळीने पाणी सोडा आणि ते कुठे थांबते ते खडूने आखून घ्या. चर होता त्या रेषेत फरशी बसली असेल, तर भराव एकदम टाकून वरून दाबला गेला असणार. तो १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर वेगळा दाबायला हवा.

वर्षाच्या भेटीत मेलेले रोप तसेच फेकू नका. ते उपटा, मुळे धुवा आणि पाहा. मुळे कुंडीच्या आकारात गोल फिरलेलीच राहिली असतील, तर ती लावताना मोकळी केलेली नव्हती. पुढच्या वेळी मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या बाजूंना धारदार चाकूने तीन-चार उभे काप द्या. मुळे काळी आणि लिबलिबीत असतील तर पाणी साचत होते. गोळा आतून कोरडा आणि भोवतालची माती ओली असेल, तर पाणी गोळ्यापर्यंत पोचलेच नाही. हलक्या मिश्रणात वाढवलेल्या रोपांत असे वारंवार होते. म्हणून पहिले काही आठवडे ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी, थेट गोळ्यावर ठेवावा लागतो.

जिवंत झाडांचा बुंधाही तपासा. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरते तो भाग जमिनीवर दिसलाच पाहिजे. तो गाडला गेला की साल सतत ओली राहून कुजते आणि मुळांना हवा कमी पडते. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल नको. तळ उकरून भुसभुशीत केला की झाड नंतर खाली बसते. खड्डा खणणाऱ्या माणसाला हे कारण सांगावे, नुसते माप सांगून भागत नाही.

तिसऱ्या वर्षी झुडपांचा घेर मोजा. नर्सरीच्या चिठ्ठीवरचा घेर आणि तुमच्या मातीत, तुमच्या पाण्यावर झालेला घेर यांत फरक निघतोच. हे आकडे वहीत जमत गेले की तुमची लागवडीची अंतरे स्वतःची होतात, आणि कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा ती जास्त भरवशाची असतात.

दुसरे कसब पातळी घेण्याचे. ड्रॉइंग उत्तम येणारे कितीतरी लोक इथे कच्चे असतात, आणि बागेतल्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा पाण्याच्या वाटेत सापडते. सराव असा करा: दोन मीटरची सरळ पट्टी आणि स्पिरिट लेव्हल घेऊन कोणत्याही फरशीवर आधी ढाळ अंदाजाने सांगा, मग मोजा. १:८० असेल तर दोन मीटरमध्ये २५ मिलिमीटर फरक येईल, १:५० असेल तर ४० मिलिमीटर. गुळगुळीत फरशीला १:८० पुरतो, खडबडीत दगडाला १:५० च्या आसपास लागतो, कारण सांध्यांत पाणी अडते. महिनाभर रोज असे केले की डोळा तयार होतो.

लेव्हल पाइप, म्हणजे दोन जागांची पातळी जुळवायची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, वापरताना आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का पाहा. येत नसेल तर पाइपमध्ये बुडबुडा आहे किंवा कुठेतरी पिळा पडला आहे. अर्धा पाइप उन्हात आणि अर्धा सावलीत असला तरी माप थोडे चुकते.

निचऱ्याची चाचणी प्रत्येक साइटवर स्वतः करा. ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. चिकण माती असेल तर फावड्याने लिंपल्या गेलेल्या बाजू खरवडा. खड्डा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या. हे पाणी कोरडी माती पिते, त्यामुळे ते मोजायचे नाही. पुन्हा भरा आणि तासाला किती उतरते ते पट्टीने पाहा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर बहुतेक झाडांना चालते. एकाहून कमी असेल तर वाफे उंच करा किंवा ओल सोसणारी झाडे निवडा. अशा जागी खड्ड्यात वाळू ओतल्याने काही साधत नाही, पाणी त्या खड्ड्यातच जमते.

सिंचनाचे गणितही कुणावर सोडू नये. दहा लिटरची बादली तीस सेकंदांत भरली तर तासाला १२०० लिटर मिळतात. त्यातले ८० टक्के धरा, म्हणजे ९६०. ताशी ४ लिटरचे २४० ड्रिपर एका वेळी चालतील, त्याहून जास्त असतील तर दोन भाग करा. मोजणी मात्र प्रत्यक्ष पाणी सोडण्याच्या वेळीच करा, कारण दिवसभरात दाब बदलतो.

कोर्स कोणता निवडावा, याचे उत्तर आता पाहणीच्या वहीतच सापडेल. एकच दोष तीन बागांत दिसला की तो या वर्षाचा विषय. वर्षाला एकच घ्या आणि शिकवणारा साइटवर नेतो का हे आधी विचारा. आपली हद्द कुठे संपते हेही शिकण्यात येते. गच्चीवर ३० सेंटिमीटर भिजलेली साधी माती चौरस मीटरला साधारण ५५० ते ६०० किलो भार टाकते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मंजुरीशिवाय एक पोतेही वर चढवू नका.

अंदाजपत्रक सुधारायला प्रत्येक कामाचे मनुष्यतास रोज लिहून ठेवा: खणणे, माती वाहणे, लावणे, साफसफाई वेगवेगळी. वाहतूक आणि साफसफाई जवळजवळ नेहमीच कमी धरली जाते. मातीची मागणी नोंदवताना हेही लक्षात ठेवा की सैल माती बसते, म्हणून वाफ्याच्या घनफळापेक्षा २० ते २५ टक्के जास्त मागवावी लागते. हा आकडाही तुमच्या मातीप्रमाणे बदलतो. तीन महिन्यांच्या भेटीत वाफा किती बसला ते मोजा आणि पुढच्या अंदाजपत्रकात तोच आकडा वापरा.