चालू होताच ‘रनडीएलएल’ची चौकट: चोरपावलांनी आलेलं सॉफ्टवेअर मुळासकट कसं काढावं

पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसला आणि मधोमध एक चौकट उभी. वर नाव ‘रनडीएलएल’, आत ‘देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग’ अशी सुरुवात, मग कुठल्या तरी फाइलचा लांबलचक पत्ता आणि शेवटी ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’. ‘ओके’ दाबलं की चौकट जाते, कामही सुरू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब पुन्हा हजर.

मॉड्यूल सापडत नाही म्हणजे ते कुठून तरी आणून बसवायला हवं, असं वाटणं साहजिक आहे. फाइलचं नाव गुगलवर टाकलं की ती फुकट देणाऱ्या आणि ‘एका क्लिकमध्ये एरर दुरुस्त’ करणाऱ्या साइट्सची रांगच लागते. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. अशी हरवलेली फाइल पुष्कळदा नको असलेल्या सॉफ्टवेअरचीच असते. अँटिव्हायरसने ती उडवलेली असते किंवा अर्धवट अनइन्स्टॉलमध्ये ती गेलेली असते. मागे उरते ती फक्त विंडोजमधली एक नोंद: ‘संगणक सुरू झाला की ही फाइल चालव.’ भाडेकरू केव्हाच घर सोडून गेला, पण पेपरवाला रोज सकाळी दार वाजवतोच आहे, असा हा प्रकार. आपल्याला पेपर बंद करायचा आहे, भाडेकरूला परत बोलवायचं नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘बॅकग्राउंडकंटेनर.डीएलएल’. कंड्युइट या इस्रायली कंपनीचे टूलबार एके काळी फुकटच्या असंख्य सॉफ्टवेअरसोबत यायचे. एखादा व्हिडिओ प्लेअर घ्यावा, तर ब्राउझरचं होमपेज बदललेलं, सर्च भलतीकडे जाणारं आणि वर ‘सर्च प्रोटेक्ट’ नावाचा पहारेकरी बसलेला. लोकांनी टूलबार काढला, अँटिव्हायरसने फाइल काढली, पण टास्क शेड्यूलरमधली (ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या साधनातली) ‘बॅकग्राउंडकंटेनर स्टार्टअप टास्क’ ही नोंद तशीच राहिली. ती प्रत्येक लॉगिनला नसलेल्या फाइलला हाक मारायची आणि चौकट यायची. आज नावं बदलली आहेत, युक्ती तीच आहे.

आधी चौकट नीट वाचा

‘ओके’ दाबण्याआधी मोबाइलने चौकटीचा फोटो काढा. त्यातला पत्ता हा तपासाचा सगळ्यात मोठा धागा. डीएलएल म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडची फाइल, ती स्वतःहून चालत नाही. विंडोजचा ‘रनडीएलएल३२’ हा स्वतःचा प्रोग्रॅम तिला चालवतो, म्हणून चौकटीवर त्याचं नाव दिसतं. तो निर्दोष आहे. ‘हाच व्हायरस’ असं समजून त्याला डिलीट करायला जाऊ नका.

पत्त्यात प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड किंवा टचपॅडच्या कंपनीचं नाव असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. कंपनीच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर (ते उपकरण विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाका. पत्ता ‘विंडोज\सिस्टम३२’मधला असेल, तर घाई नको, आधी विंडोज अपडेट पूर्ण करा आणि फाइलबद्दल खात्रीलायक माहिती मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका. पत्त्यात ‘ॲपडेटा’ आणि त्यापुढे ‘लोकल’, ‘रोमिंग’ किंवा ‘टेम्प’ असेल, त्यानंतर कधी न ऐकलेलं नाव किंवा अक्षरांची नुसती खिचडी असेल, तर संशयाला जागा आहे. पण ‘ॲपडेटा’त आहे म्हणजे चोरच, असंही नाही. झूमसारखी साधी सॉफ्टवेअरही तिथेच बसतात. पत्त्यासोबत नावही बघा.

ऑफिसचा संगणक असेल तर इथेच थांबा आणि आयटी विभागाला फोटो पाठवा.

परतीची वाट ठेवून घ्या

स्टार्टच्या शोधपट्टीत ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ टाइप करा, उघडणाऱ्या खिडकीत सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन चालू आहे का बघा, नसेल तर चालू करा आणि ‘क्रिएट’ दाबा. काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग्ज या क्षणाच्या स्थितीत परत नेता येतील. पण हा रिस्टोर पॉइंट तुमच्या फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत ठेवत नाही. ती पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्या.

आता अनइन्स्टॉल, पण तारीख लावून

सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात विंडोज ११ असेल तर ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ आणि १० असेल तर ‘ॲप्स अँड फीचर्स’. यादी नावाने लावलेली असेल तर ती इन्स्टॉल झाल्याच्या तारखेने लावा. इथे गंमत दिसते. तुम्ही एका दिवशी एक पीडीएफ कन्व्हर्टर घेतलात, पण त्याच तारखेला शेजारी आणखी दोन-तीन अनोळखी नावं बसलेली असतात: कुणी ‘पीसी ऑप्टिमायझर’, कुणी ‘ड्रायव्हर अपडेटर’, कुणी ‘सर्च असिस्टंट’. सोबत आलेली वऱ्हाडी मंडळी ती हीच.

एकेक काढा. काढताना येणारे प्रश्न मराठी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांइतक्याच सावधपणे वाचा, कारण या सॉफ्टवेअरचे अनइन्स्टॉलरही बनेल असतात. मोठं रंगीत बटण ‘ठेवा’ म्हणणारं आणि ‘काढा’ ही फिकट, बारीक ओळ, हे ठरलेलं. काही जण जाता जाता ‘त्याऐवजी हे घ्या’ म्हणून दुसरंच काही गळ्यात मारतात. एखादं निघतच नसेल, तर शिफ्ट धरून ‘रिस्टार्ट’ दाबा. ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ अशा वाटेने सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा आणि तिथून प्रयत्न करा. ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद केलेला असेल तर या वाटेवर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, ती आधी हाताशी ठेवा.

नावात ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++’ असलेल्या नोंदी बऱ्याच दिसतील. त्या राहू द्या, इतर सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालतात.

झाडूचा एक हात

उरलेला कचरा शोधायला ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे छोटं साधन मी सुचवेन. ते अशाच सॉफ्टवेअरसाठी बनलं आहे, २०१६ साली मालवेअरबाइट्स कंपनीने ते विकत घेतलं. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. फक्त मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, कारण त्याच्या नावाने नकली डाउनलोडही फिरतात. स्कॅन करा, यादी वाचा, मगच ‘क्वारंटाइन’ करा, म्हणजे सापडलेलं निष्प्रभ करून बाजूला ठेवा. लॅपटॉप कंपनीने आधीच घालून दिलेली सॉफ्टवेअर ते वेगळी दाखवतं; ती काढायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

कंपनीने दिलं म्हणजे चांगलंच, असं मात्र समजू नका. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातबाज सॉफ्टवेअर आधीच घातलेलं होतं आणि ते ब्राउझरच्या सुरक्षित जोडणीतही डोकावत होतं, हे २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झालं.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतलं ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ करा. ते ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये मिळेल. संगणक रिस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. उघडं काम आधी सेव्ह करा.

‘रजिस्ट्री क्लीनर’च्या नादी लागू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही. मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा साधनांचं समर्थन करत नाही, आणि एका चौकटीसाठी सगळी रजिस्ट्री खरवडून काढण्यात शहाणपणा नाही.

पेपर बंद करणं: टास्क शेड्यूलर

एवढं करूनही चौकट येत असेल, आणि बहुतेकदा येतेच, तर नोंद शोधायची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप ॲप्स’ बघा. विंडोज १० मध्ये त्याचं नाव नुसतं ‘स्टार्टअप’ आहे. रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू करा, म्हणजे प्रत्येक नोंद कुठली फाइल चालवते ते दिसेल. कधी नुसतं ‘प्रोग्रॅम’ असं नाव आणि कोरं चित्र असलेली ओळ दिसते. ती बऱ्याचदा मालक गेलेली नोंद असते. राइट क्लिक करून ‘डिसेबल’.

तिथे काही मिळालं नाही तर टास्क शेड्यूलर. स्टार्टमध्ये नाव टाइप करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, नाहीतर काही नोंदी दिसणारच नाहीत. डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’वर क्लिक केलं की मधल्या भागात यादी येते. एकेक ओळ निवडून खाली दोन टॅब बघायचे. ‘ट्रिगर्स’मध्ये ती नोंद कधी जागी होते ते असतं, आपल्याला हवी ती लॉगिनच्या वेळी उठणारी. ‘ॲक्शन्स’मध्ये ती काय चालवते ते असतं. तिथे ‘रनडीएलएल३२’ आणि त्यापुढे तुमच्या फोटोतला पत्ता दिसला, की चोर सापडला.

लगेच डिलीट करू नका. राइट क्लिक, ‘डिसेबल’, रिस्टार्ट. चौकट आली नाही तर परत येऊन ‘डिलीट’ करा. यादीत वरवर सभ्य नावंही असतात, ‘अपडेट’ शब्द सगळ्यांच्याच नावात असतो, त्यामुळे नावावर भरवसा ठेवू नका, ‘ॲक्शन्स’ बघा. लायब्ररीच्या आत ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या नोंदी विंडोजच्या आहेत. तिकडे फिरकू नका.

तरीही सापडेना तर ऑटोरन्स

विंडोजमध्ये आपोआप सुरू होण्याच्या जागा डझनावारी आहेत: रजिस्ट्रीतल्या ‘रन’ नोंदी, स्टार्टअप फोल्डर, सर्व्हिसेस, शेड्यूलर आणि आणखी कितीतरी. त्या सगळ्या एका खिडकीत दाखवणारं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात आहे. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून झिप घ्या, उघडा आणि ‘ऑटोरन्स६४’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

समोर येणारी यादी बघून घाबरायला होतं. वरच्या फिल्टरच्या चौकोनात फोटोतल्या फाइलच्या नावाचा एक तुकडा टाइप करा, यादी दोन-चार ओळींवर येईल. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही, म्हणजे नेमकी आपल्याला हवी तीच. गुलाबी म्हणजे प्रकाशकाची खात्री पटलेली नाही. डावीकडची टिक काढली की नोंद निजते, पुन्हा टिक केली की जागी होते. आधी टिक काढा, रिस्टार्ट करा, सगळं ठीक असेल तर मग डिलीट. बाकीच्या पिवळ्या ओळी दिसतात म्हणून सफाईच्या उत्साहात त्याही उडवू नका. आपला वाद एकाच फाइलशी आहे.

ब्राउझर विसरला जातो

चौकट गेली तरी सर्च भलतीकडे जात असेल, तर एक्स्टेन्शन्सची यादी उघडा आणि जे तुम्ही टाकल्याचं आठवत नाही ते काढा. सर्च इंजिन आणि ‘ऑन स्टार्टअप’ची सेटिंग्ज तपासा. मग डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ची ओळ बघा. ती ओळ ‘.ईएक्सई’वर संपून त्यापुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तेवढा पत्ता खोडा. घरच्या संगणकावर क्रोम ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ म्हणत असेल, तर कुणीतरी ब्राउझरची सेटिंग्ज बाहेरून लादणारी धोरणं (पॉलिसी) घुसवलेली असू शकतात. काही अँटिव्हायरसमुळेही हे दिसतं, म्हणून त्याची खात्री करून मगच पुढची साफसफाई.

हे सगळं एखाद्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आलं असेल, तर प्रकरण टूलबारवर थांबलं असेल असं गृहीत धरू नका. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला.

पुन्हा शिरू नये म्हणून

इन्स्टॉल करताना ‘एक्सप्रेस’ किंवा ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ निवडा आणि आधीच केलेल्या टिका काढा. मोठं नाव बघून सैल होऊ नका. जावाच्या इन्स्टॉलरसोबत ‘आस्क’ टूलबार कित्येक वर्षं येत होता, आणि सोर्सफोर्जसारख्या जुन्या, मानाच्या साइटवरही २०१३ नंतर काही काळ इन्स्टॉलरला जाहिरातबाज पुरवण्या जोडलेल्या होत्या. डाउनलोडच्या पानावर एकापेक्षा जास्त हिरवी बटणं दिसली, तर त्यातलं सगळ्यात मोठं बहुधा जाहिरातीचं असतं.

मराठी टायपिंगसाठी तर कुठलीच अनोळखी साइट गाठायची गरज नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, इनस्क्रिप्ट त्याच्याही आधीपासून. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत कीबोर्ड निवडा.

शेवटचं काम एका मिनिटाचं. विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’, त्यात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज’ उघडा आणि ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ चालू आहे का बघा. त्याखालच्या ‘ब्लॉक ॲप्स’ आणि ‘ब्लॉक डाउनलोड्स’ या दोन्ही टिका हव्यात. २०२१ च्या ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्ट ते आपणहून चालू करू लागली, पण जुन्या मशीनवर किंवा कुणी हात घातलेल्या मशीनवर ते बंद असू शकतं. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये याच नावाचा किंवा ‘पीयूपी’ (पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्रॅम) असा पर्याय शोधा. काहींमध्ये तो मुळात बंदच असतो.