टांझानियात मिशनरी म्हणून राहताना: पहिल्या वर्षाची दिनचर्या

परदेशी सेवेसाठी नेमणूक झाल्यावर फादर किंवा सिस्टर ईशज्ञान, धर्मशिक्षण आणि प्रवचन यांची तयारी मनापासून करतात; मात्र दारात आलेल्याला कुठे बसवावे, उसने मागणाऱ्याला काय उत्तर द्यावे, शेजारी कोणी दगावले तर कधी जावे आणि किती वेळ बसावे, याची तयारी सहसा तिथे पोहोचल्यावरच सुरू होते. वसई, गोवा, पुणे किंवा मराठवाड्यातून टांझानियात जाणाऱ्यांना या रोजच्या गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात, म्हणून हे टिपण लिहीत आहे. माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी नवे काम सुरू करू नये. ते वर्ष त्या गावचा रहिवासी होण्यासाठी द्यावे.

आपल्याच परंपरेत याचा मोठा दाखला आहे. गोव्याचे संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले, तेव्हा डच राजवटीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. ते मजुराच्या वेशात उतरले, तमिळ आणि सिंहली या दोन्ही भाषा शिकले, आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले. राजाचा आणि प्रजेचा त्यांच्यावरचा विश्वास दृढ झाला तो या शुश्रूषेतून.

कागदपत्रांचे काम संस्था आणि तिथला धर्मप्रांत (बिशपांच्या देखरेखीखालचा चर्चचा प्रदेश) मिळून करतात, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. मिशनऱ्यांना सामान्यतः ‘क’ वर्गाचा निवास परवाना लागतो. तो हाती येईपर्यंत पासपोर्टच्या प्रती आणि बिशपांचे निमंत्रणपत्र जवळ बाळगावे. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागणार असेल तर ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र आता आजन्म ग्राह्य असते. बहुतेक ठिकाणी चौकोनी तीन पायांचा ब्रिटिश प्लग असतो, म्हणून दोन-तीन अडॅप्टर सामानात टाकावेत.

भाषेच्या बाबतीत मात्र घाई करू नये आणि सवलतही घेऊ नये. शहरात इंग्रजीवर निभावते, पण कबुलीसंस्कार, आजाऱ्याची विचारपूस आणि घरातले दुःख हे सगळे स्वाहिलीत चालते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मुसोमाजवळ माकोको येथे मिशनऱ्यांसाठी जुनी भाषाशाळा आहे. तिथला काही महिन्यांचा वर्ग पूर्ण केल्याशिवाय धर्मग्रामाची (पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्च आणि त्याच्या श्रद्धावंतांची) जबाबदारी स्वीकारू नये. वर्गाबाहेरचा सराव बाजारात आणि मुलांसोबत करावा, कारण मुले चूक लगेच सुधारतात आणि मोठी माणसे भिडेखातर गप्प बसतात. एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी: तिथले घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) सातला आहे असे परदेशी हिशेबाने जाहीर केले, तर काही श्रद्धावंत दुपारी एकला येऊन उभे राहतील. घड्याळातून सहा तास वजा करून बोलण्याची सवय लावून घ्यावी.

कोणाच्या घरी जाताना उंबऱ्याबाहेर थांबून ‘होदी’ म्हणावे आणि आतून ‘करिबू’ असे उत्तर येईपर्यंत पाऊल आत टाकू नये. वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणावे, त्यावर ‘मराहाबा’ असे उत्तर मिळते. धर्मगुरू असलो तरी वडीलधाऱ्यांना हा मान आपणच आधी द्यायचा असतो. तरुण फादरने म्हाताऱ्या आजींकडून नमस्काराची वाट पाहणे तिथे उद्धटपणाचे समजतात. कॅथलिक घरांत ‘तुम्सिफु येसू क्रिस्तो’ (येसू ख्रिस्ताची स्तुती करू या) हे अभिवादन चालते. त्यानंतर प्रकृती, घर, शेत, मुले, रात्रीची झोप अशी चौकशी होते. ती उरकू नये. कामाचे बोलणे या चौकशीनंतरच सुरू होते, आणि जो थेट कामावर येतो त्याच्याशी लोक कामापुरतेच बोलतात.

भारतीय मिशनऱ्यासमोर एक वेगळी अडचण असते, आणि तिचा विचार गोऱ्या मिशनऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात सापडत नाही. तिथे भारतीय माणसाला ‘म्हिंदी’ म्हणतात आणि या नावासोबत दुकानदाराची प्रतिमा येते: गल्ल्यामागे बसणारा, मजुरी देणारा, आपल्याच समाजात राहणारा. या प्रतिमेला इतिहास आहे. वसाहतीच्या काळात व्यापारी आणि कारकून म्हणून, त्यांत गोव्याचे कॅथलिकही आले, भारतीय मधल्या पायरीवर होते. १९७१ मध्ये सरकारने मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांतल्या पुष्कळशा आशियाई मालकांच्या होत्या, आणि नंतर अनेक कुटुंबे देश सोडून गेली. त्यामुळे बाजारात तुम्हाला प्रथम भाव विचारला जाईल, प्रार्थना नाही. याचा राग मानू नये आणि खुलासाही देत बसू नये. रविवारखेरीज आठवड्यातून एकदा स्वतः पिशवी घेऊन बाजारात जावे, नेहमीच्या एका भाजीवालीकडूनच घ्यावे, जवळच्या अंतरासाठी मिशनची गाडी न काढता चालत जावे, आणि शहरातल्या भारतीय घरांकडे ओढ वाटली तरी पहिले काही महिने तिथला मुक्काम मर्यादित ठेवावा. सहा महिन्यांत नावाने हाक येऊ लागते.

जेवणाबाबत मराठी माणसाला फार त्रास होत नाही. भात, चपाती, चहा, घेवडा, माठासारखी पालेभाजी आणि नारळ हे सगळे तिथे आहे. मुख्य अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. पाहुणा म्हणून गेल्यावर घरातली मुलगी तांब्या आणि परात घेऊन येते आणि हातावर कोमट पाणी घालते. हात धुतल्यावर उजव्या हाताने उगालीचा लहानसा तुकडा तोडावा, मुठीत वळून त्याला अंगठ्याने खळगा पाडावा आणि त्यात कालवण घेऊन खावे. पहिला घास यजमान पाहत असतात. घरचा मसाला न्यावा, पण तो आजारपणात आणि सणाला काढावा. रोज वेगळे ताट मांडणाऱ्या मिशनऱ्याच्या पंगतीला कोणी बसत नाही.

पैशाविषयी सर्वांत जास्त सावध राहावे, कारण भल्या हेतूने इथेच सर्वाधिक नुकसान होते. शाळेची फी, औषध, बियाणे, बसभाडे अशा मागण्या पहिल्या आठवड्यापासून दारी येतात, त्यांतल्या बहुतेक खऱ्या असतात, आणि नाही म्हणताना मन खचते. तरीही स्वतःच्या खिशातून एकट्याने देणे टाळावे. तिथल्या धर्मग्रामात दहा-पंधरा घरांचे छोटे ख्रिस्ती समूह असतात. १९७० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी त्यांना प्राधान्य दिले आणि आज तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा कणा तेच आहेत. समूह दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी जमतो, येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचतो आणि कोण आजारी आहे, कोणाकडे अडचण आहे, हे तिथेच बोलले जाते. मागणारा आला की प्रेमाने बसवावे, ऐकून घ्यावे आणि विचारावे, “तुमच्या समूहाच्या प्रमुखांशी बोलणे झाले का?” समूहाने स्वतःचा वाटा उचलल्यावर धर्मग्रामाने उरलेला उचलावा. तातडीचा आजार हा एकच अपवाद. तेव्हा आधी दवाखाना, मग चौकशी. देवाणघेवाण बहुधा मोबाइलवरून होते, टांझानियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा २००८ पासून आहे, तेव्हा संस्थेचे आणि वैयक्तिक खाते एकाच नंबरवर कधीही ठेवू नये, आणि प्रत्येक रक्कम त्याच संध्याकाळी वहीत लिहावी. भारतातल्या हितचिंतकांकडून परस्पर पैसे मागवून शाळा किंवा विहीर बांधण्याचा मोह पहिल्या वर्षी पूर्णपणे आवरावा. बांधणारा बदलून गेला की अशा विहिरीचा पंप दुरुस्त करायला कोणी पुढे येत नाही, कारण ती गावाची झालेलीच नसते.

रविवारी मुख्य चर्चखेरीज दूरच्या उपकेंद्रांवर जावे लागते. तिथला नेहमीचा कारभार धर्मशिक्षक, ज्याला ‘कतेकिस्ता’ म्हणतात, तो पाहतो. फादर महिन्यातून एखाद्या वेळी येतो. म्हणून धर्मशिक्षकाच्या शब्दाविरुद्ध लोकांसमोर कधीही निर्णय देऊ नये. मिस्सा दोन-अडीच तास चालते आणि ती आटोपती घेण्याचा विचार करू नये. अर्पणाच्या वेळी लोक नाचत येतात. कोणाच्या डोक्यावर मक्याची टोपली, कोणाच्या हातात अंडी, कोणाच्या काखेत पाय बांधलेली जिवंत कोंबडी. मिस्सेनंतर आवारात या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. त्या लिलावात आपणही बोली लावावी, पण भाव चढवू नये. मार्च ते मेच्या मोठ्या पावसात कच्चे रस्ते बंद पडतात, तेव्हा परतताना वाटेत मुक्काम करावा लागेल असे गृहीत धरून मच्छरदाणी आणि बॅटरी सोबत घ्यावी.

दुःखाच्या प्रसंगी हजर राहणे हे सर्व कामांच्या वर समजावे. मृत्यू झालेल्या घरी अंगणात माणसे दिवसचे दिवस बसून राहतात. तिथे जाऊन ‘पोले साना’ (फार वाईट वाटले) म्हणावे आणि खाली बसावे. उपदेश नको. विधी करून लगेच निघणाऱ्या फादरपेक्षा तासभर मुकाट बसलेली सिस्टर लोकांच्या लक्षात राहते.

शेजारी मुस्लिम असतील, एकाच कुटुंबात दोन्ही धर्म असतील. तिथल्या जनगणनेत १९६७ नंतर धर्म विचारलेला नाही, आणि हा समतोल लोकांनी जपलेला आहे. ईदला शुभेच्छा द्यायला जावे, दुसऱ्याच्या श्रद्धेवर प्रवचनातून बोलू नये.

आरोग्यात पहिला शत्रू मलेरिया. तिथला प्रकार प्रामुख्याने फाल्सिपेरम असून तो काही दिवसांत जिवावर बेतू शकतो. किनारपट्टी आणि सरोवराच्या प्रदेशात त्याचा जोर अधिक आहे. रोज मच्छरदाणीत झोपावे, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासावे आणि औषधाची पूर्ण मात्रा घ्यावी. प्रतिबंधक गोळ्या किती काळ घ्यायच्या हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. व्हिक्टोरिया सरोवराच्या उथळ पाण्यात अंघोळीचा मोह आवरावा, कारण तिथल्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया हा कृमींचा रोग होतो. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

इतक्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत स्वतःची प्रार्थना मागे पडते, म्हणून पहाटेचा एक तास कोणालाही देऊ नये. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या आसपास उगवतो; पाच ते सहा हा वेळ शांत असतो. त्यानंतर दार उघडे ठेवावे. घरी फोन करायला तिथली संध्याकाळ बरी, भारतात तेव्हा अडीच तास पुढे असते; आईवडिलांना आठवड्याचा ठरावीक वार द्यावा, म्हणजे चुकलेल्या फोनची काळजी त्यांना लागत नाही. एकटेपणा नाताळात आणि पहिल्या पावसात विशेष जाणवतो. तो वरिष्ठांना मोकळेपणाने सांगावा.

रजेवर निघण्यापूर्वी हिशेबाची वही, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या आणि आजाऱ्यांची यादी सहकाऱ्याच्या हाती लेखी द्यावी. भारतात पोहोचल्यावर पुढच्या काही महिन्यांत केव्हाही ताप आला, तर डॉक्टरांना आपण पूर्व आफ्रिकेतून आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि मलेरियाची तपासणी मागून घ्यावी.